असूद्याचा माळ

ती पिशवी आधी खाली ठेवा, ताई, मग बसा. मी या देवळाची गुरवीण. देवीला फूल वाहते आणि वर येणाऱ्यांच्या पिशव्या बघते. मुरडशेंगा तोडल्यात ना? तोडल्यात त्याचा राग नाही, तुम्हाला इथली रीत ठाऊक नव्हती. पण कशाला हव्यात म्हणून विचारलं तर तुम्ही पटकन म्हणालात, असू दे घरात. ते शब्द आमच्या गावात औषधापुढे कुणी काढत नाही.

घरी कपाट केलंय म्हणता. सगळी झाडपाल्याची औषधं ठेवणार, काचेच्या बरण्या, बरणीवर नावाची चिठ्ठी. छान! पाहुणे आले की दाखवायला बरं. असंच एक कपाट आमच्या गावातही होतं, त्याचं काय झालं ते ऐका आणि मग पिशवी उचला.

समोर बघा. डोंगर सगळा हिरवा आणि डाव्या खांद्यावरचा तो माळ तेवढा न्हाव्यानं वस्तरा फिरवल्यासारखा. श्रावणातसुद्धा तिथे गवत धड धरत नाही. त्याला असूद्याचा माळ म्हणतात. असूद्या हे एका देशमुखाचं नाव. त्याचं खरं नाव विचारू नका, गावानं ते लक्षात ठेवलेलं नाही.

फार पूर्वीची गोष्ट, असं सांगतात. तेव्हा त्या माळावर मुरडशेंगेचं दाट रान होतं. लेकरांच्या पोटात मुरडा आला, हगवण लागली, की हीच शेंग उगाळायची. दिवाळी झाली, शेंगा वाळल्या, की एकेका घरानं दोन मुठी न्यायच्या आणि चुलीवरच्या शिंक्यात ठेवायच्या. ते ठेवणं वाईट नव्हतं हो, तेव्हा सगळीच घरं ठेवायची. पण देशमुखाचं दोन मुठींनी कसं भागावं? त्यानं शिसवी कपाट करून घेतलं, नुसत्या खणांचं, वर पितळी कुलूप. मग माणसं लावून माळ ओरबाडला. शेंगा नेल्या, साल सोलली, साल संपली तशी मुळं खणली. कशाला म्हणून कुणी विचारलं तर एकच उत्तर, असू दे घरात, लागलं तर.

आलागेला पाहुणा त्या कपाटापुढे उभा केला जायचा. खण ओढायचा, वास द्यायचा, खण लोटायचा. द्यायचं मात्र कुणालाच नाही. आणि उन्हात घालायचं तर तेही नाही, कारण उन्हात घातलं की किती आहे ते गावाला दिसणार! आमच्या घाटातला पाऊस तुम्हाला ठाऊक नाही. इथे माणसाला बुरशी येते, तिथे शेंगांचं काय.

एका भादव्यात गावात पोरांची हगवण आली. माळावर झाड उरलं नव्हतं, शिंकी रिकामी होती. ठकूबाई म्हणून एक कोळीण होती, तिची एकुलती एक लेक गिरजा हगवणीनं अंथरुणाला लागली. ठकूबाई देशमुखाच्या दारात गेली, पदर पसरला, एकच शेंग द्या म्हणाली. देशमुख झोपाळ्यावर बसून म्हणाला म्हणे, उद्या आमच्याच घरात लागलं तर? झोपाळासुद्धा थांबवला नाही मेल्यानं.

ठकूबाई तशीच पावसात घाट उतरून माहेरी गेली. तिथून पदराच्या गाठीत थोड्या शेंगा घेऊन आली, तर गिरजा गेलेली होती. माणसं अंगणात जमली होती. तिनं ना हंबरडा फोडला, ना कुणाला शिव्या दिल्या. गाठ तशीच मुठीत धरून उंबऱ्यावर बसली.

आणि त्याच दिवशी देशमुखाच्या नातवाला हगवण लागली. आता कपाट उघडलं. पहिल्या खणात भुसा, दुसऱ्यात बुरशी, तिसऱ्यात किडे वळवळताहेत. बडा घर पोकळ वासा म्हणतात तो असा. सुनेनं, मथुराबाईनं, पोराला मांडीवर घेतलं आणि सासऱ्याला सांगितलं, ठकूबाईनं शेंगा आणल्यात, पाया पडा पण घेऊन या.

पाया पडायचं तर राहिलंच, पण तो गेला खरा. पागोटं बांधून, जोडा घालून अंगणात उभा राहिला. सगळा गाव बघत होता. शेंगा दे, म्हणाला.

ठकूबाईनं वर पाहिलं. तिच्या मनात आकस नव्हता, असं आमच्या घरात पिढ्यान्‌पिढ्या सांगतात. शेंगा थोड्या होत्या आणि सुताराचं पोरही निपचित पडलं होतं, म्हणून तिनं विचारलं, "कुणासाठी, आबासाहेब? घरात कोण आजारी असेल तर नाव सांगा. निम्म्या तुमच्या."

नातवाचं नाव घ्यायचं, बस्स. पण नाव घेतलं की कपाट पोकळ आहे हे गावाला कळणार. काल हिला नाही म्हटलं आणि आज हिच्याच दारात हात पसरला हेही कळणार. आणि मग तोंडातून तेच निघालं, ज्याची त्या जिभेला सवय होती.

"कुणासाठी नाही. असू दे घरात, लागलं तर."

ठकूबाई उठली आणि सगळ्या शेंगा सुताराच्या घरी देऊन आली. सुताराचं पोर वाचलं. देशमुखाचा नातू दुसरा दिवस मावळायच्या आत गेला.

शेंगेनं वाचला असता की नाही ते देवीला माहीत. माझ्या नातवाला हगवण लागली तर मी आधी दवाखाना गाठते. पण मागायला गेलेला माणूस मागू शकला नाही, हे तर खरं ना?

मथुराबाईला हे कळलं तेव्हा तिनं कपाटाचा एकेक खण खेचून काढला, डोंगरावर आणला आणि या देवळामागे उपडा केला. इथून पुढे रुग्णाचं नाव घेतल्याशिवाय कुणी शेंगेला हात लावायचा नाही, असं देवीपुढे बोलली. त्या किडक्या भुशातून पुढच्या पावसात रान उगवलं म्हणे. तुम्ही तोडल्यात त्या त्याच रानातल्या. माळ मात्र उघडा तो उघडाच राहिला. देशमुख पुढे बरीच वर्षं जगला, पोरं त्याच्या मागून असूद्या असूद्या ओरडत फिरायची. फिरू देत.

आजही आमच्याकडे औषध मागायला आलेल्याला आधी कुणासाठी म्हणून विचारतात, आणि तो मोठ्यानं नाव सांगतो. सावकार असो की भिकारी, त्यात कुणाला लाज नाही. आणि ज्याच्याकडे सांगायला नाव नसतं तो डोंगर रिकाम्या हातानं उतरतो. त्याला आम्ही नशीबवान म्हणतो.

तर बोला ताई, कुणासाठी?

कुणीच आजारी नाही? मग तोंड का पाडता? देवीला हात जोडा आणि त्या शेंगा इथे पायरीवर ओता.