नदीत फेकलेला शालू

फार पूर्वी दोन राज्यांच्या मधून एक नदी वाहायची आणि तीच त्यांची शीव होती. पलीकडचा राजा भारी लोभी. आई-बाप नसलेली मुलं तो धरून आणायचा आणि आपल्या निळीच्या हौदांवर राबवायचा. अलीकडच्या राज्यात मात्र पोरांना असं जुंपायची कोणाची छाती नव्हती.

या अलीकडच्या काठावर एक परटीण राहायची. जिभेने तिखट, पण कामाला चोख. तिच्या सासऱ्याने तिला बजावलं होतं, "पोरी, लोकांचं कापड ही ठेव असते. धुवायचं, घडी घालायची, परत द्यायचं. बाकी त्याला हात लावायचा नाही." परटिणीने हे जन्मभर पाळलं. थंडीत कुडकुडली, पण गिऱ्हाइकाची शाल कधी अंगावर घेतली नाही.

एका सकाळी ती राणीचा शालू घेऊन घाटावर आली. राणीचं कापड गावच्या धुण्यात मिसळायचं नाही अशी रीत होती. म्हणून त्या दिवशी तिच्यापाशी तो शालू आणि स्वतःची दोन लुगडी, एवढंच होतं. लुगडी धुऊन झाली आणि ती शालूसाठी रिठे चोळू लागली, तोच पलीकडून आरडाओरडा ऐकू आला.

एक लहान मुलगी नदीत शिरली होती. तिचे हात कोपरापर्यंत निळे होते आणि मागे शिपाई धावत होते. धडपडत ती मधल्या खडकावर चढली आणि तिथेच अडकली. खडकाच्या अलीकडे पाणी खोल होतं, आणि ओढ अशी की भलाभला पोहणारासुद्धा उतरला नसता.

"मावशी, मला पोहता येत नाही," मुलगी ओरडली. "पण मी मागे जाणार नाही."

परटिणीने झटकन आपली दोन्ही लुगडी एकमेकांना बांधली, टोकाला कपडे बडवायचं धोपाटणं अडकवलं आणि वरच्या अंगाने पाण्यात फेकलं. धोपाटणं वाहत खडकाकडे गेलं खरं, पण लुगडी अपुरी पडली. शिपाई आता पाण्यात उतरले होते.

परटिणीची नजर शालूवर गेली. सासऱ्याचे शब्द आठवले. राणीची नाराजी म्हणजे पोटावर पाय, हेही तिला कळत होतं. तिचा हात क्षणभर थबकला. मग तिने शालू उचलला, गाठ घट्ट बसावी म्हणून सरळ पाण्यात बुचकळला आणि लुगड्याला बांधला.

धोपाटणं ओढून घेऊन तिने पुन्हा फेकलं. या वेळी ते मुलीच्या हाती लागलं. "लुगडं कमरेला गुंडाळ आणि सोडू नकोस," परटीण ओरडली आणि घाटाच्या पायरीला पाय रोवून ओढू लागली. शिपाई खडकापाशी पोचले तेव्हा पोरगी अलीकडच्या पायरीवर खोकत पडली होती. खडकाच्या पुढे त्यांचा हुकूम चालत नव्हता. ते चडफडत परत फिरले.

"एवढासा जीव आणि केवढा हा आगाऊपणा," परटीण तिला कुशीत घेऊन रागावली आणि स्वतःच रडू लागली. मुलगी म्हणाली, "मावशी, भाकरी आहे?" तेव्हा कुठे परटिणीच्या जिवात जीव आला.

शालूच्या मात्र चिंध्या व्हायच्याच बाकी होत्या. दगडावर घासून तो मधोमध फाटला होता. आरडाओरडा ऐकून आलेली शेजारीण म्हणाली, "नदीने वाहून नेला म्हणून सांग."

"नदीवर कशाला आळ घेऊ? तिने काही केलं नाही," परटीण म्हणाली, आणि मुलीला बोटाला धरून राजवाड्यात गेली.

घडलं ते सगळं तिने सांगितलं. राणीने शालू हातात घेतला, फाटलेली जागा पाहिली.

"फाटलेल्या शालूचं काय करतात?" राणीने विचारलं.

"लेकीला परकर-पोलकं शिवतात, राणीसाहेब."

"मग शीव की."

"पण मला लेक नाही."

राणीने मुलीकडे पाहिलं. मुलीने परटिणीचं बोट अजून सोडलं नव्हतं. राणी हसून म्हणाली, "परकर जरा मोठाच शीव. पोरी भराभर वाढतात."

तात्पर्य: दुसऱ्याची ठेव जिवापाड जपावी, पण कोणाचा जीव वाचत असेल तर ती खुशाल मोडावी, आणि मग आपल्या पायांनी जाऊन खरं सांगावं.