डोंगऱ्याची राखण

एका गावाबाहेरच्या माळावर ठकूबाई नावाची एक धनगरीण राहत असे. एके दिवशी ती नेहमीसारखी खोपटाच्या दारात बसून वाघरीचे, म्हणजे रात्री मेंढ्यांभोवती लावायच्या जाळ्याचे, तुटलेले दोर सांधत होती. चुलीवर कालवण रटरटत होते. तेवढ्यात तिच्या लेकासोबत घाटाखाली चाऱ्याला गेलेला धुळाप्पा कळप घेऊन परत आला. लेक बरोबर नव्हता. धुळाप्पाच्या खांद्यावर मात्र दोन घोंगड्या होत्या, आणि त्यातली एक ठकूबाईने लांबूनच ओळखली.

"तापानं गेला, वैनी," धुळाप्पा म्हणाला. "वाटेतच."

ठकूबाईने हातातली गाठ पुरी मारली. मग उठून चुलीवरचे कालवण उतरवले.

लेकाचे नाव मायाप्पा. आता तिच्यापाशी उरली मेंढरे, आणि मायाप्पाने पिल्लापासून वाढवलेला कुत्रा, डोंगऱ्या.

डोंगऱ्या नावासारखाच थोरला होता. उभा राहिला की त्याची पाठ ठकूबाईच्या कमरेला लागे. लांडग्याने एकदा त्याला पाहिले आणि त्या वाटेने येणे सोडून दिले. पण मायाप्पाने त्याला कुणाच्या अंगावर घालायला शिकवलेच नव्हते. त्यांच्या घरची रीत अशी, की नवे कोकरू जन्मले की ते कुत्र्याच्या पुढ्यात ठेवायचे, कोकरावर हात ठेवायचा आणि म्हणायचे, "राख." मग काहीही झाले तरी कुत्रा तिथून हलायचा नाही. पुन्हा कोकरावर हात ठेवून "मोकळा" म्हटले की त्याची राखण संपली.

हे डोंगऱ्याच्या इतके अंगी मुरले होते, की कुठलाही लहान जीव दिसला की तो आधी खाली बसे. तितराची पिल्ले त्याच्या पंजांमधून पळत. टिटवी उघड्या माळावर अंडी घालते; तिथून जाताना हा एवढा मोठा गडी लांबून वळसा घेई. टिटवी तरीही त्याच्या डोक्यावर घिरट्या घालून ओरडे, आणि तो कान पाडून मुकाट ऐकून घेई.

गावातले लोक हसत. "ठकूबाई, याला कशाला पोसता? टिटवीलाच ठेवा की मेंढरं राखायला."

"विचारलं तिला," ठकूबाई म्हणे. "ती म्हणाली, डोंगऱ्या आहे तोवर मला सुट्टी."

घाटाखाली निघताना मायाप्पाने थट्टेने आईच्या खांद्यावर हात ठेवला होता आणि डोंगऱ्याकडे बघून म्हटले होते, "राख."

"मी काय कोकरू आहे का रे?" ती म्हणाली होती. तो हसत निघून गेला. तेव्हापासून डोंगऱ्या तिला सोडून कुठे गेला नव्हता.

उन्हाळा आला. ओढे आटले. माळापलीकडे त्या मुलुखाच्या सरदाराचे कुरण होते, आणि चारा उरला होता तो तेवढाच. त्याच सुमारास सरदार शिकारीला आला, म्हणून ठकूबाई कुरणाची परवानगी मागायला गेली. तिच्या मागोमाग डोंगऱ्याही गेला.

सरदाराने त्याला पायापासून कानापर्यंत न्याहाळले. "कुरण देतो. पण आधी तुझ्या कुत्र्यानं शिकारीत काम करून दाखवावं. नुसतीच शोभेची धोंड असेल, तर माझ्या कुरणात नको."

हाकाऱ्यांनी एक ससा बोराटीच्या काटेरी जाळीत कोंडला. जाळीतून बाहेर पडायला एकच वाट होती. हाकाऱ्यांचा म्होरक्या ठकूबाईला म्हणाला, "काकी, कुत्र्याला वाटेच्या तोंडाशी उभा करा आणि म्हणा, राख."

शिकाऱ्यांच्या बोलीत वाट राखणे म्हणजे ती अडवणे. ठकूबाईच्या डोक्यात तेव्हा फक्त मेंढरांचा चारा होता. तिने सवयीने जाळीवर हात ठेवला आणि म्हटले, "राख."

डोंगऱ्याने जाळीत नाक घालून हुंगले. ससा कसला, आत बोटभर कानांचे पिल्लू थरथरत होते. त्याने जाळीकडे पाठ केली आणि सरदाराच्या शिकारी कुत्र्यांकडे तोंड करून बसला.

"उलटा बसला की," कुणीतरी हसले.

सरदार हसला नाही. "सोडा कुत्री."

कुत्री सुटली. डोंगऱ्या उठून उभा राहिला. पहिल्याला त्याने खांद्याने लोटून दिले. दुसऱ्याला पंजाखाली दाबून धरले. तिसऱ्याने त्याचा कान फाडला, तरी त्याने तोंड उघडले नाही आणि जागाही सोडली नाही. त्या गोंधळात पिल्लू बाहेर आले, आणि पळायचे सोडून त्याच्याच पोटाखाली शिरले.

"म्हातारे, बाजूला घे त्याला," सरदार म्हणाला.

एक शब्द पुरे होता. "मोकळा" म्हटले असते, तर डोंगऱ्या निमूट बाजूला झाला असता. त्याचे रक्त थांबले असते आणि मेंढरांना कुरण मिळाले असते. ठकूबाईचा हात पुढे गेला, आणि तिथेच थांबला. चूक झाली होती ती तिच्या बोलण्यात. कुत्र्याने शिकवल्याबरहुकूम सगळे बरोबर केले होते.

"नाही घेत, सरकार," ती म्हणाली. "मी त्याला राख म्हटलंय."

"कुरण जाईल."

"जाऊ द्या. मेंढरं मी लांब नेईन."

ती ताठ उभी होती. मायाप्पा गेल्यापासून तिची मान अशी वर झाली नव्हती.

सरदाराने शीळ घालून आपली कुत्री मागे घेतली आणि जवळ आला. "एवढं बळ आहे याच्यात. मग चावला का नाही?"

"चावायला काय शिकवायचं, सरकार? दात असतातच. माझ्या लेकानं याला तोंड मिटायला शिकवलं."

"कुठं आहे तुझा लेक?"

"गेला."

"कुरणात मेंढरं घाल," सरदार म्हणाला. "आणि त्या सशाला सोडव."

ठकूबाईने वाकून पिल्लावर हात ठेवला. "मोकळा." डोंगऱ्या एक पाऊल बाजूला सरला. पिल्लू गवतात दिसेनासे झाले. मग डोंगऱ्या रोजच्यासारखा ठकूबाईजवळ आला आणि फाटका कान तिच्या गुडघ्याला टेकून, लोकांकडे तोंड करून बसला.

"काम संपलं की त्याचं," म्होरक्या म्हणाला. "आता कुणाला राखतोय?"

ठकूबाईने मायाप्पाच्या त्या थट्टेची गोष्ट सांगितली. म्होरक्याने मुंडासे काढून हातात घेतले. तो हळू आवाजात म्हणाला, "मग तुम्हीच ठेवा की हात आपल्या खांद्यावर, काकी. म्हणा मोकळा. हिंडेल-फिरेल बिचारा."

"म्हणेन कधीतरी," ठकूबाई म्हणाली.

त्या उन्हाळ्यात मेंढरे कुरणात पोटभर चरली. पुढे डोंगऱ्या म्हातारा झाला, पण टिटवीच्या अंड्यांना वळसा घालायचा विसरला नाही. ठकूबाई येणाऱ्याजाणाऱ्याला त्याचा फाटका कान कौतुकाने दाखवी. आपल्या खांद्यावर हात ठेवून तो एक शब्द म्हणायचे मात्र तिच्याकडून राहूनच गेले.

तात्पर्य: आपल्यापेक्षा दुबळा जीव आपल्या सावलीत किती निर्धास्त बसतो, यावरून आपल्या बळाची पारख होते, आणि ज्याने ते बळ जपून वापरायला शिकवले, त्याचे नाव त्यातच टिकून राहते.