रांजणातली मूठ

फार जुनी गोष्ट आहे. तेव्हा मजुरी नाण्यांत नाही, ज्वारीत मिळायची.

त्या राज्यात एक रीत होती. संध्याकाळी मजुराने आपल्या ज्वारीतली एक मूठ मालकाच्या रांजणात टाकायची, मालकाने त्यात स्वतःची एक मूठ घालायची आणि दर पौर्णिमेला ते धान्य राजाच्या कोठारात पोचतं करायचं. मग कुणी आजारी पडलं, जायबंदी झालं, की त्याच्या घरची चूल कोठारातून चालायची.

एका गुऱ्हाळाचा मालक मनाने वाईट नव्हता. चालढकलीत मात्र अव्वल! "पुढच्या पौर्णिमेला नेऊ," म्हणता म्हणता रांजणांमागून रांजण भरले. तेवढ्यात मुलीचं लग्न निघालं. पठ्ठ्याने ती ज्वारी वाण्याला विकली आणि अख्ख्या गावाला पुरणपोळी वाढली. मजूरही पोटभर जेवले. "मालकाचा हात मोठा," म्हणाले. हलवायाच्या घरावर तुळशीपत्र, दुसरं काय!

पुढे एक दिवस काहिलीतला उकळता रस उडाला आणि गूळ करणाऱ्या गुळव्याचे दोन्ही हात भाजले. त्याची बायको टोपली घेऊन कोठारावर गेली. तिथून रिकामी टोपली घेऊन थेट गुऱ्हाळावर आली.

"मालक, कोठारीण म्हणते तुमच्याकडची मूठ आलीच नाही. आम्ही तर रोज टाकली. आता पोरांना काय घालू?"

मालकाने घरची कणगी उपसली, गाडी भरली आणि कोठाराकडे निघाला. रस्ताभर एकच धास्ती होती. मूठ बुडवणाऱ्याचं गुऱ्हाळ राजा बंद करत असे.

कोठारीण म्हातारी, तोंडाने फटकळ. "आलास का? उद्या शिपाईच निघणार होते. आपल्या पायांनी आलास म्हणून गुऱ्हाळ वाचलं. आता वर्षभर तुझी मूठ दुप्पट."

"घालतो, आई. एवढं मापून घ्या."

"माप कुठं पळून जात नाही. आधी गुळव्याच्या घरी धान्य टाकून ये!"

दिवस मावळताना गुळव्याच्या घरातून भाकरीचा वास आला. मालक दारातच गाडीला टेकून रडला. केवढं ओझं उतरलं होतं!

गुळव्याचे हात बरे झाले, तेव्हा मालकाने पुन्हा सगळ्यांना जेवायला बोलावलं. या वेळी नुसतं पिठलं, भाकरी आणि गूळ. गुळव्या पोट भरून जेवला आणि म्हणाला, "मालक, आज तुमच्या घरचं जेवलो."

तात्पर्य : दुसऱ्याच्या अडीअडचणीचा घास आपल्या हाती सोपवला असेल, तर तो वेळेवर पोचवावा, त्यावर आपली पंगत मांडू नये.