शेगडीचा कोपरा

घराला रंगरंगोटी करून चंपाताईंनी ते विकायला काढलं आणि त्यांचं डोकंच चक्रावलं. एका गिऱ्हाइकाच्या सांगण्यावरून त्यांनी शेगडी पूर्वेला नेली, दुसऱ्याच्या सांगण्यावरून दक्षिणेला. तिसरे आले बडे बागायतदार भाऊसाहेब सरनोबत, सोबत स्वतःचे वास्तुतज्ज्ञ घेऊन.

"शेगडी चुकलीय! घराला मोठा दोष आहे," तज्ज्ञ गरजले.

"अहो, आता कुठे हलवू?" ताई रडकुंडीला आल्या.

"राहू द्या तिथंच," भाऊसाहेब म्हणाले. "किंमत निम्मी करा, लगेच घेतो."

ताई आणखीच गोंधळल्या. "मग त्या दोषाचं काय?"

"निम्म्या किमतीत तो बाधत नाही," तज्ज्ञांनी खुलासा केला.

"अगंबाई! म्हणजे दोष किमतीत होता, आणि मी खुळी शेगडी हलवत बसले!"

तज्ज्ञांना दाराची दिशा सापडेना.