सुपातला विवेक

“उद्यापासून पाठशाळेला कुलूप!” भूपसेन महाराज गरजले.

तीन दिवस पाठशाळेचे दोन शास्त्री दरबारात भांडत होते. ‘विवेक’ हा शब्द ज्या धातूपासून आला, त्याचा अर्थ वेगळं करणं, इथवर दोघांचं एकमत. पण तो शब्द आधी सुचला कुणाला? एक म्हणे ध्यानस्थ ऋषींना, दुसरा म्हणे न्याय देणाऱ्यांना. त्या वादात महाराजांचं जेवण तिन्ही दिवस गार झालं. शेवटी त्यांनी हट्टच धरला. सूर्य मावळायच्या आत या शब्दाचा जन्म डोळ्यांना दाखवा, नाहीतर पाठशाळा बंद.

शास्त्री पोथ्या चाळत बसले. घाम फुटला तो येसूला. ती पाठशाळेच्या कोठीत तांदूळ पाखडायची. पाठशाळा गेली की तिची चूल विझणार. तिने तांदूळ भरलेलं सूप उचललं आणि थेट दरबार गाठला.

“मी दाखवते, महाराज. पण आधी तुम्ही हे पाखडून बघा.”

त्यात काय मोठंसं, असं म्हणत महाराजांनी खिडकीकडे तोंड करून सूप उडवलं. वारा समोरूनच येत होता. अर्धे दाणे जमिनीवर आणि कोंडा मिशीत! दरबाऱ्यांनी उपरण्यांत तोंडं लपवली.

येसूने वाऱ्याकडे पाठ केली, मनगटाला हलका झटका दिला. कोंडा भुर्रकन उडाला, उरलेले दाणे सुपातच राहिले.

“हे वेगळं करणं. ऋषी काय नि न्यायाधीश काय, दोघांनाही आधी भात लागतो. मग हा शब्द आधी कुणाला सुचला असेल?”

थोरले शास्त्री ओशाळले. “महाराज, जुन्या ग्रंथांत हा धातू धान्य पाखडण्यालाही वापरलाय. आमचं तिकडे लक्षच गेलं नाही.”

महाराज मिशा झटकत म्हणाले, “हे तांदळाचं झालं. माणसांतला विवेक दाखव.”

“तो तुम्हीच दाखवायचा, महाराज. यांचं भांडण हा कोंडा. पाठशाळा, तिथली पोरं, आम्ही राबणाऱ्या बाया, हे दाणे. मघाशी दाणे सांडलेत, ते मी गोळा करीन. आम्हाला कोण गोळा करणार?”

महाराजांनी पायाशी विखुरलेले दाणे पाहिले आणि खो खो हसत सुटले. “पाठशाळा चालू राहील! आजपासून कोठीची कारभारीण तू. आणखी काय हवं?”

“दोन मण तांदूळ पाखडायचे पडलेत. हे दोघे शास्त्रीबुवा तीन दिवस द्या.”

महाराजांनी लगेच दोन नवी सुपं मागवली.

“आणि शास्त्रीबुवा,” ते डोळे पुसत म्हणाले, “वाऱ्याकडे तोंड करून बसू नका.”