ऊन दारात आले की

एका डोंगराच्या पूर्वेकडच्या उतारावर एका सशाचे बीळ होते. ससा मोठा उत्साही, पण जरा उतावळा. डोंगराच्या मधल्या अरुंद दरीत एक रानडुक्कर होते आणि पलीकडे, पश्चिमेच्या उतारावर, एक अस्वल. डोंगर चढून एकमेकांकडे जाणे तिघांच्याही जिवावर येई. म्हणून बोलायचे असले की डोंगरातून आरपार गेलेल्या घळीच्या तोंडाशी आपापल्या बाजूने उभे राहायचे आणि हाळी द्यायची. आवाज घुमत घुमत तिन्हीकडे पोहोचे आणि घर न सोडता बोलणे होई.

एकदा माथ्यावरचा धोंडा घसरला आणि तिघे ज्याचे पाणी पीत त्या झऱ्याच्या नेमका तोंडावर जाऊन बसला. त्या गडगडाटाने तिघेही दचकून उठले आणि घळीपाशी धावले. "पाणी बंद झालं! माझी पिल्लं काय पिणार?" ससा ओरडला. "धोंडा तिघांनी मिळून हलवायला हवा. उकरायचं कुणी, लोटायचं कुणी, ते आधी ठरवू," रानडुक्कर म्हणाले. "पण आत्ता नको बाबांनो, माझी झोप व्हायचीय," अस्वलाने जांभई दिली. "मग उद्या, ऊन दारात आलं की बोलू!" ससा म्हणाला. "ठरलं! ऊन दारात आलं की!" दोघेही म्हणाले.

दुसऱ्या दिवशी कोवळे ऊन बिळाच्या तोंडाशी आले आणि ससा घळीपाशी हजर झाला. त्याने हाळी दिली. उत्तर नाही. पुन्हा दिली, तर त्याची त्यालाच ऐकू आली. "ठरलं म्हणाले होते ना? की मीच काही भलतं ऐकलं?" त्याचे डोके चक्रावून गेले. मग तो पाणी शोधत दूर निघून गेला. पुढेही रोज तेच. पिल्लांच्या जिभा कोरड्या पडल्या, धाकटे तर डोळेही उघडेना. तेव्हा सशाचा धीर सुटला आणि तो तणतणत डोंगर चढून पलीकडे उतरला.

अस्वल गुहेत घोरत होते. "अस्वलदादा, शब्द देऊन झोपून राहता? लाज नाही वाटत?"

"लाज तुला वाटायला हवी! रोज ऊन दारात आलं की मी घसा फोडून हाका मारतो. तुम्ही दोघं असता कुठे?"

"पण ऊन तर केव्हाच आलं!"

"कुठे आलंय? दाखव बरं."

सशाने दाराकडे पाहिले. तिथे खरोखरच गार सावली होती. "अरेच्चा! मी निघालो तेव्हा चांगलं ऊन होतं. वाटेत मावळलं की काय?"

"खुळा आहेस का? इथे ऊन यायला दुपार कलावी लागते."

तेवढ्यात दरीतून रानडुकराची चिडकी हाळी आली, "आलं ऊन माझ्या दारात! आजही कुणी नाहीच ना?"

सशाच्या एकदम ध्यानात आले. "दादा, आपण तिघंही शब्दाला जागलो आणि तिघंही एकटेच ओरडत राहिलो. एक ओरडे तेव्हा बाकीचे झोपेत, नाहीतर पाण्याच्या शोधात! ऊन एकच, पण दारं तीन! धोंडा पडला तेव्हा मात्र एकदम उठलो होतो. यापुढे बोलायचं असलं की घळीत दगड गडगडवायचा. आवाज आला की उठायचं, मग ऊन कुठेही असो."

"म्हणजे झोपमोड माझीच का?" अस्वल गुरगुरले.

"आज तुमची. पुढच्या वेळी माझी."

तिथूनच त्यांनी रानडुकराला हाक दिली. त्याने उकरले, अस्वलाने लोटले, आणि झरा वाहू लागला. धाकट्या पिल्लाने पाणी पिऊन डोळे उघडले, तेव्हा सशाला रडूच आले.

पुढे एकदा ससा पिल्लांना घेऊन नुकताच बिळात आडवा झाला होता, तोच घळीत दगड गडगडला. तो डोळे चोळत उठला. "बाबा, आता कुठे चाललात? ऊन तर डोंगराआड गेलं!" धाकटे म्हणाले.

"आपल्याकडे रे," ससा म्हणाला, "अस्वलदादांकडे आत्ता कुठे ऊन दारात आलंय."

तात्पर्य : आपली सकाळ हीच सगळ्यांची सकाळ असे धरून चालू नये. दूरदूरच्यांनी मिळून काम करायचे तर वेळ सर्वांना सारखी कळेल अशी ठरवावी, आणि झोपमोड आळीपाळीने सोसावी.