ठकीचा खुळखुळा

डोंगराच्या पायथ्याला, करडईच्या शेताच्या बांधाखाली उंदरांचं एक राज्य होतं. राज्यात एक कोठार होतं, कोठारात ज्वारी होती, आणि ज्वारी कमी होत होती. ती किती कमी झाली ते बघायला राजे गबाजीराव घूस रोज स्वतः आत जात. बाहेर येताना त्यांचं पोट थोडं पुढं आलेलं असे, पण ते काळजीनं.

लोक कुजबुजायला लागले तेव्हा गबाजीरावांनी सभा घेतली.

"बंधूंनो आणि भगिनींनो! आपलं धान्य खारी चोरतात. कोठाराला राखणदार पाहिजे. मी सातासमुद्रापलीकडून साप मागवलेत."

एक म्हातारा उंदीर चाचरत म्हणाला, "महाराज, साप उंदीर खातात ना?"

"हीच ती जुनाट विचारसरणी!" गबाजीराव कळवळले. "अहो, या सापाच्या शेपटीला खुळखुळा असतो. राग आला, भीती वाटली, की तो आधी वाजवतो आणि मगच चावतो. इतका सभ्य साप आपल्याकडं आहे का?"

आपल्याकडं नव्हता. टाळ्या पडल्या.

साप तीन आले. एक राखाडी, एक तांबूस आणि एक पांढराफेक, लाल डोळ्यांचा. कोठार कुणाला द्यायचं यावर निवडणूक लागली. तिघांनाही विष होतं. पण ते तिघांनाही असल्यामुळं प्रचारात त्याचा मुद्दा होऊ शकला नाही.

सगुणा उंदरीण कधी नव्हे ते राजकारणात रमली. नवऱ्याला गेल्या सुगीत घारीनं नेलं होतं. घरात ती आणि तान्ही ठकी, आणि ठकी काही मतं मांडत नव्हती. म्हणून सगुणा शेजारच्या द्वारकाआत्याशी, म्हणजे चिचुंद्रीशी, वाद घालायची.

"तांबडा बरा गं," द्वारकाआत्या म्हणायची. "मातीचा रंग. आपल्यातला वाटतो."

"छे! पांढऱ्याकडं बघा की. दुधाची आठवण येते. असल्या रंगाचा कुणी वाईट वागेल का?"

"आणि डोळे? इंगळासारखे लाल आहेत."

"जागरणानं हो, आत्या. आपल्यासाठी जागतोय बिचारा."

शिकलेले उंदीर मात्र रंगावर गेले नाहीत. ते म्हणाले, स्वभाव बघा. राखाडीचा स्वभाव शांत आहे असं त्यांना त्याच्या फोटोवरून कळलं होतं.

पांढरा निवडून आला. कुणी नाराज राहू नये म्हणून उरलेल्या दोघांनाही उपराखणदार केलं. आता कोठारावर तीन साप झाले आणि ज्वारी बघायला जाणं बंद झालं. गबाजीराव तेवढे मागच्या दारानं जात. कधीमधी लांब काठीच्या टोकावर पांढऱ्याला उचलून ते लोकांना दाखवत. "बघा, कसा ओळखतो मला! या, या, हात फिरवा." स्वतःचा हात ते काठीवरून काढत नसत.

अडचण एकच झाली. कुणी कोठाराजवळून गेलं की खुळखुळा वाजे आणि वस्तीतली पोरं दचकून उठत. ठकी तर पितापिता दूध सांडायची आणि तासभर रडायची. सगुणानं चार बायका जमवल्या आणि थेट राजवाडा गाठला.

"महाराज, पोरं झोपत नाहीत हो."

"आवाजाचा त्रास होतोय?" गबाजीरावांचे डोळे भरून आले. "आम्ही सवय करून देऊ."

सापाच्या खुळखुळ्याची जुनी कडी अधूनमधून तुटून पडत. ती गोळा करून 'घरोघरी खुळखुळा' योजना सुरू झाली. प्रत्येक पाळण्याला एक, फुकट. सगुणानं झोका दिला, खुळखुळा वाजला, ठकी आधी भेदरली, मग टकमक बघत राहिली आणि चार दिवसांत त्या आवाजाशिवाय झोपेनाशी झाली. सगुणाला इतकं हलकं वाटलं की तीही पाळण्याला टेकून डुलक्या घ्यायला लागली. सरकारी उंदीर आला, झोपलेल्या ठकीचा फोटो घेऊन गेला आणि तो चौकात लागला. खाली लिहिलं होतं, 'निश्चिंत बालपण'. सगुणा येताजाता तिथं थांबायची, पदरानं फलकावरची धूळ पुसायची.

ठकी रांगायची ती धावायला लागली, तेव्हाची गोष्ट. कोठारासमोर धान्यवाटपाची रांग लागली होती. पांढरा कात टाकायच्या बेतात होता. डोळ्यांवर धुकं आलेलं, नीट दिसत नाही, त्यामुळं चिडलेला. त्यात रांग पुढं सरकली.

त्यानं खुळखुळा वाजवला. जोरात वाजवला.

रांगेतल्या मोठ्यांनी जांभया दिल्या. पोरं हसली आणि आवाजाच्या दिशेनं धावली. सगुणाच्याही पापण्या जड झाल्या. बरं झालं, तिला वाटलं, आता ठकी झोपेल. मग तिला ठकी दिसली. फलकावरच्यासारखंच हसत, पांढऱ्याच्या तोंडापुढं.

सगुणा कशी उडाली ते तिचं तिलाच कळलं नाही. दातांत ठकीचं शेपूट आलं, तिनं ओढलं, शेपटाचा शेंडा तुटला, ठकी हातात आली. द्वारकाआत्याचा नातू गुण्या आला नाही.

चौकशी समिती बसली. पांढऱ्याला बोलावलं.

"चावलात?"

"वाजवलं होतं," पांढरा म्हणाला. "पुन्हा पुन्हा वाजवलं. तुमच्या पोरांनी टाळ्या पिटल्या."

"पण तुमचा रंग तर दुधासारखा आहे. महाराजांना तुम्ही ओळखता."

"मी कुणालाच ओळखत नाही. मला फक्त ऊब कळते. मला माझ्या मुलखात नेऊन सोडा की. तुम्हीही सुटाल, मीही."

हे वाक्य कामकाजातून वगळण्यात आलं. अपघाताचं मूळ आवाजात आहे, असा निष्कर्ष निघाला आणि तिन्ही सापांचे खुळखुळे छाटले. राज्य एकदम शांत झालं. फलकावर ठकीचा फोटो तोच राहिला. शेपूट फोटोत आलंच नव्हतं.

द्वारकाआत्या दारात बसून राहायची. सगुणा तिच्याकडं भाकरी न्यायची, पण बोलायला तोंड व्हायचं नाही. राजवाड्यावर बायका घेऊन कोण गेलं होतं, ते दोघींनाही ठाऊक होतं.

घरी सगुणानं पाळण्याचा खुळखुळा दातांनी फोडला आणि ठकीला समोर बसवलं.

"आवाज झाला की पळायचं, ठके."

"पण आता आवाज होतच नाही, आई."

पोरगी म्हणत होती ते खरं होतं.

"मग असं कर. जिथं सगळं अगदी गुपचूप असेल आणि सगळं छान आहे असं कुणी सांगत असेल, तिथून पळायचं. मागं बघायचं नाही. मी हाक मारली तरी नाही."

ठकीनं अंगणात याचा पुष्कळ सराव केला.

पुढची निवडणूक आली. तेच तिघे उभे होते. सगुणानं या वेळी राखाडीचं ठरवलं होतं. पांढऱ्यानं तिची फार निराशा केली होती. मायलेकी रांगेत उभ्या राहिल्या. रांग पद्धतशीर होती, कुणी ब्र काढत नव्हतं. तेवढ्यात कर्ण्यावरून गबाजीरावांचा आवाज आला, "राज्यात सर्वत्र शांतता आहे. नागरिक आनंदात आहेत."

ठकीनं आईचा हात झटकला आणि बांध ओलांडून पळत सुटली. मागं बघितलं नाही.

"हो गं पुढं!" सगुणा टाचा उंचावून ओरडली. "मी एवढी शाई लावून येतेच!"